नदीला पाणी येईपर्यंत

मित्रांनो, मला आता सगळे डबा म्हणतात. गोरेगावात दगडोबांच्या घरामागे मेंढ्यांचा गोठा आहे. तिथे कोपऱ्यात, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून मी पडलेलो आहे. माझ्या डोक्यावर एक तांबडी कोंबडी बसते आणि मनाला येईल तेव्हा अंडं घालते. याच डोक्यावर एके काळी रोज सकाळी हळदकुंकू लागायचं, उदबत्ती ओवाळली जायची. हसू नका. खोटं बोलायची सवय मला नाही. ती सवय माझ्यात नंतर घुसलेल्यांना होती.

मी संगणक. मोठ्या कारखान्यात जन्मलो असं सांगितलं तर शोभेल, पण माझं एकेक हाड वेगळ्या गावचं. हिंगोलीतल्या एका दुकानदाराने कुणाचा खोका, कुणाचा पडदा, कुणाचा कळफलक असं जुळवून मला उभा केला. दोन हजार पाच सालची ही गोष्ट. दिवाळी सरल्यावर दगडोबा मला न्यायला आले. मेंढरं आणि थोडी शेती, एवढाच त्यांचा पसारा. जीपमध्ये मला धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी अंगावरचं घोंगडं काढलं, त्यात मला गुंडाळलं आणि गोरेगाव येईपर्यंत कोकरू धरावं तसं मांडीवर धरलं. या माणसाबद्दल पुढे मी कडू बोलणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

मला आणलं ते त्यांच्या मुलीसाठी, सत्यशीलासाठी. बारावी झाल्यावर तिने रोज जीपने हिंगोलीला जाऊन संगणकाचा कोर्स केला होता. तिला नोकरी नको होती. गावातच, घराच्या रस्त्याकडच्या खोलीत आपलं दुकान टाकायचं होतं. लोकांचे अर्ज टाईप करायचे, लग्नपत्रिका जुळवायच्या, आणि दुपारी मुलींना शिकवायचं. घरात लग्नाची बोलणी सुरू झालेली. तिने बापापुढे हट्ट धरला. दोन दिवसांनी दगडोबा म्हणाले, "चालव. पन जवर गावातून बोल येत न्हाई तवर. बोल आला की दुकान बंद, अन् मी म्हनंल त्या पोराशी लगीन."

ती हो म्हणाली. मित्रांनो, ही अट नीट ध्यानात ठेवा. ती पोरगी त्या एका अटीवर माझ्यासमोर बसली होती.

आणि काय बसली होती! पहिल्या दिवशी तिने ओल्या फडक्याने नाही, कोरड्या फडक्याने माझा पडदा पुसला. असं पुसायचं असतं हे ठाऊक असलेलं गोरेगावात दुसरं कुणी नव्हतं. अर्ज टाईप करताना ती समोरच्याला दोनदा वाचून दाखवायची, मग कागद काढायची. दुपारी तांड्यावरून नेमसिंगची लेक पूजा यायची, आणखी चार पोरी यायच्या. पूजाची बोटं सुरुवातीला कळांवर अशी पडायची की मला वाटायचं ही शेण थापून राहिली की काय. महिनाभरात तीच पूजा पडद्याकडे बघत बघत टाईप करू लागली. लोक माझं कौतुक करायचे. दगडोबा चपला बाहेर काढून आत यायचे. ते दिवस बरे होते.

आता घाण कशी आली ते ऐका.

सत्यशीलाचा धाकटा भाऊ शिवहार. कामाच्या नावाने शंख, पण फुकटचं दिसलं की सगळ्यांच्या पुढे. महाशिवरात्रीच्या दिवशी सत्यशीला मायबापासोबत औंढ्याला दर्शनाला गेली होती. शिवहार घरी होता. त्याने फोनची तार मला जोडली, इंटरनेट लावलं आणि त्याला एक जाहिरात दिसली. रोज देवदर्शन, तुमच्या पडद्यावर, फुकट. महादेवाचं चित्र, वरून बेलाची पानं पडतात, खाली समई हलते, आणि संगणक सुरू केला की घंटा वाजते. याने घेतलं.

मी विचारलं हो त्याला! माझ्या परीने विचारलं. देवाबरोबर आणखी काही पाहुणे येताहेत, घेऊ का? वरच्या पट्टीत एक जण बसणार आहे, चालेल का? तुम्ही कुठेकुठे जाता ते हे लोक पाहत राहतील, कबूल आहे का? प्रत्येक ठिकाणी आधीच बरोबरची खूण केलेली होती, ती काढली असती तरी पुरे होतं. पण माझं विचारणं इंग्रजीत, आणि बारीक अक्षरात. शिवहारने एक अक्षर वाचलं नाही. हो, हो, हो, हो. दाबत सुटला. वर स्वतःशीच म्हणतो कसा, देवाला कुणी नको म्हणतं का.

संध्याकाळी घरची मंडळी आली. शिवहारने मला सुरू केलं, घंटा वाजली, महादेव दिसला. सत्यशीलाची माय सिंधूबाई, तिने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डोक्यावर हळदकुंकू सुरू झालं. शेजारच्या बाया दर्शनाला येऊ लागल्या. कुंकू माझ्या जाळीतून आत पडायचं आणि माझा पंखा खरखरायचा, पण सांगतो कुणाला?

आठ दिवस गेले नसतील, माझा श्वास कोंडू लागला. सत्यशीला एक पान उघडायला सांगायची आणि माझ्या आत बसलेले ते उपरे भलतंच पान उघडायचे. मध्येच चौकटी टपकायच्या. अभिनंदन, तुम्हाला गाडी लागली! आठवड्यात पोट कमी करा! अहो, गोरेगावात सुटलेलं पोट होतं एकच, गावातल्या बड्या उकंडरावांचं, आणि त्यांना ते कमी करायचं नव्हतं. चौकटीवर 'नको' असं बटण असायचं, पण तेही लबाड. 'नको' दाबलं की आणखी दोन उगवायच्या. सत्यशीलाच्या हे लगेच लक्षात आलं. ती चौकटीतल्या कुठल्याच बटणाला शिवायची नाही. कळफलकावरून बंद करायची, नाहीच ऐकलं तर फोनची तार उपटायची. जाहिराती तारेतून येतात हे ओळखून तिने गरजेपुरतीच तार लावायची शिस्त ठेवली.

पट्टीतला पाहुणा तिने यादीतून काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. पुन्हा काढला, पुन्हा हजर. मेंढपाळाची लेक ती. पूजाला म्हणाली, "गोचिडीचं अंग उपटलं अन् तोंड आत राहिलं की जखम चिघळती. ह्याचं तोंड कुठंतरी आत हाय." मग एका दुपारी तिने मला कमीत कमी सामानावर सुरू केलं, म्हणजे उपऱ्यांना उठायला जागाच मिळू नये. एकेकाची तारीख पाहिली. सगळे एकाच दिवशी आलेले निघाले, महाशिवरात्रीला. आणि सगळ्यांना जेवूखाऊ घालणारा होता तो घंटावाला देव.

तिने त्याच्यावर बोट ठेवलं आणि काढ म्हणून सांगितलं. रिवाजाप्रमाणे मी विचारलं, हे कायमचं काढून टाकायचं का? नेमके तेव्हाच दगडोबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय. खोटं सांगून मोकळी झाली असती तर आज मी या गोठ्यात नसतो. पण तिने खरं सांगितलं.

"देव कायमचा काढून टाकायलीस?" दगडोबांचा आवाज एकदम खाली आला. "फोटोला पाय लागला तरी पाया पडतो आपन."

तिने समजावलं. हा देव नाही, देवाचं सोंग घेऊन कुणीतरी आत शिरलंय, त्याच्या मागून चोर येतात. दगडोबांना चोर कळत होते, पण पडद्यावर महादेव बसलेला दिसत होता, बेल पडत होता. बापलेकीचं बराच वेळ चाललं. शेवटी तोड निघाली. जुने झालेले देव, फाटलेले फोटो, कॅलेंडरं आपण काय करतो? फेकत नाही. वाहत्या पाण्यात सोडतो. तसंच करायचं. सत्यशीलाने माझ्यातलं महादेवाचं तेवढं चित्र एका फ्लॉपीवर घेतलं. म्हणजे चौकोनी चपटी तबकडी असते, त्यावर. ती फ्लॉपी नदीत सोडायची, मग माझ्यातलं पुसायचं. दगडोबांना हे पटलं. तेवढ्या वेळापुरती मलाही आशा वाटली.

पण तेव्हा चैत्र संपत आला होता. आमच्या कयाधू नदीत पाण्याचा टिपूस नाही. पात्रात मेंढरं फिरत होती.

"कोरड्या वाळूत देव फेकू काय?" दगडोबा म्हणाले. "नदीला पानी येऊ दे. मंग सोडू. तवर हात लावायचा न्हाई, शपथ हाय माझी."

फ्लॉपी नव्या कापडात गुंडाळून देवघरात ठेवली गेली. आणि सत्यशीलाने शब्द पाळला. मित्रांनो, माझ्यासमोर ती दिवस दिवस एकटी बसायची. एक कळ दाबायची होती. कुणाला कळलं नसतं. घंटा का वाजत नाही म्हणून कुणी विचारलं असतं तर बिघडली म्हणून सांगता आलं असतं. पण नाही. बापाची शपथ. असल्या प्रामाणिकपणाचा मला आजही राग येतो.

मे संपत आला आणि बारावीचा निकाल लागायचा दिवस आला. निकाल इंटरनेटवर, आणि गावात यंत्र एकच, मी. त्या सकाळी सत्यशीला दगडोबांकडे गेली. आजच्या दिवसापुरता तो देव काढू द्या, संध्याकाळी पुन्हा बसवते, म्हणाली. ते म्हणाले, "देव काय पाव्हना हाय का? आज जा, उद्या ये?" ती परत येऊन बसली. उपटता येण्यासारखी सगळी गोचीड तिने उपटली, तोंड तेवढं आत राहिलं. मग देवाचं नाव घेऊन तार जोडली. कोणत्या देवाचं घेतलं कोण जाणे.

खोली गच्च भरली. पोरं, पोरींचे बाप, खिडकीत डोकी. पूजा तिच्या शेजारी उभी राहून नंबर वाचून दाखवत होती. आठ-दहा निकाल सुरळीत झाले. पेढेही वाटून झाले. मग उकंडराव पुढे सरकले. गावात त्यांचा शब्द चालायचा आणि त्यांच्या नातवाचा निकाल होता. सत्यशीलाने नंबर टाकला.

आणि माझ्या पडद्यावर निकाल नाही, एका बाईचं चित्र आलं. कसं होतं ते तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात आणि मला अजून लाज वाटते. तिने झटकन बंद केलं. दोन आली. दोन्ही बंद केली, पडदाभर आली. गर्दी पुढे लोटलेली, तिला तारेपर्यंत पोचता येईना. शेवटी तिने माझा विजेचा खटकाच बंद केला. मी विझलो.

उकंडराव बोलले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आडात हाय म्हनूनच पोहऱ्यात आलं," ते म्हणाले.

झालं. एका म्हणीत निकाल लागला. अहो, ती म्हण विहिरीची आहे, माझी नाही! विहिरीत असतं तेच पोहऱ्यात येतं. माझ्यात मात्र जे कुणी कधी ठेवलं नाही, पाहिलं नाही, मागितलं नाही, तेही तारेतून येऊन उभं राहतं. पण हे गावाला ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की दगडोबाची पोरगी दार लावून दिवसभर हेच बघत असणार.

सत्यशीला उभी राहिली. ती घाबरली नव्हती, हे मी ठामपणे सांगतो. तिने सगळ्यांसमोर खरं कारण सांगितलं. ही चित्रं त्या घंटेवाल्या देवाच्या मागून येतात, मी काढणार होते, मला काढू दिलं नाही. एवढं स्पष्ट.

"पोरी," उकंडराव म्हणाले, "आपलं पाप देवाच्या अंगावर ढकलू नको."

दारातल्या बाया, ज्या रोज माझ्या दर्शनाला यायच्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. पूजा एकटीच म्हणत राहिली की बाईंनी काही केलं नाही, ते आपोआप येतं. नेमसिंगने तिचा हात धरला आणि तिला बाहेर नेलं. ती परत कधी आली नाही. आणि शिवहार? तो खिडकीशी उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं त्याने, की माय, हे मी आणलंय. त्याने पेढ्याचा कागद चुरगाळला आणि निघून गेला. तुम्हाला चोराचा राग येतो, मला या गप्प बसणाऱ्याचा जास्त येतो.

दगडोबा ओट्यावर बसून होते. ते सत्यशीलाला एक शब्द लागट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "बोल आला, माय." तिला अट आठवून द्यायची गरजच नव्हती. ती आत गेली. माझ्यावर जुनं लुगडं टाकलं गेलं आणि खोलीला कडी लागली.

मृग लागायच्या आत तिचं लग्न उरकलं. मुलगा सेनगावकडचा, कसा होता मला माहीत नाही. लुगड्याखालून मला फक्त वाजंत्री ऐकू आली. तिची पत्रिका मात्र माझ्यावर छापली नव्हती, एवढं खरं.

मग पाऊस आला. कयाधू दोन्ही थड्या भरून वाहू लागली. दगडोबा देवघरातली फ्लॉपी घेऊन गेले, नारळ फोडला, फ्लॉपी पाण्यात सोडली आणि आंघोळ करून घरी आले. शिवहारला म्हणाले, आता काढ. शिवहारला कुठे येत होतं? त्याने लुगडं ओढलं, मला सुरू केलं, तार जोडली. एक चौकट आली. तुमच्या संगणकात घाण आहे, फुकट साफ करून देऊ का? ती चौकटच त्या घाणीची सख्खी बहीण. आणि या पठ्ठ्याने काय केलं असेल? हो दाबलं. हो, हो, हो. त्या दिवसानंतर मला एक अक्षर उमटवायला चहा होईल एवढा वेळ लागू लागला. मग मला गोठ्यात टाकलं.

नागपंचमीला सत्यशीला माहेरी आली. हिरव्या बांगड्या, थोडी वाळलेली. ती आल्याचं कळताच दगडोबांनी मला गोठ्यातून स्वतः उचलून आणलं, पुन्हा मेजावर मांडलं आणि फडक्याने पुसलं. ओल्या फडक्याने. तिला बोलावलं. त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर इतक्या दिवसांनी काहीतरी बरं केल्याचा भाव होता.

"देव सोडला मी नदीत," ते म्हणाले. "आता काढ तू बराबर. माझी ना न्हाई."

ती माझ्यासमोर बसली. खटका दाबला. मी कण्हत कुंथत जागा झालो आणि घंटा वाजली. आत चुलीपुढे सिंधूबाईंनी सवयीने हात जोडले. सत्यशीलाने घंटा पूर्ण होऊ दिली. तिची बोटं कळांवर टेकली होती, मला तिचं ओझं जाणवत होतं. मला वाटलं आता ती काढ म्हणेल, आणि मी विचारीन, कायमचं काढून टाकायचं का. तिने बोटं उचलली आणि खटका बंद केला.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "देव काढायला नदीला पानी यायची वाट पाहिली तुमी. मला काढताना न्हाई पाहिली."

दगडोबा उभे होते ते खाली बसले. ती उठून मायला हातभार लावायला चुलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी जीपने सासरी गेली. दगडोबांनी मला परत गोठ्यात नेलं तेही घोंगड्यात गुंडाळून, पण माझा राग काही त्यामुळे गेला नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, नवा, चकचकीत. त्याच्यावर फुकट काही येऊ लागलं, मग ते देवाच्या रूपात का असेना, तर आधी तो काय विचारतोय ते वाचा. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला बोलवा. अनोळखी चौकटीतलं बटण दाबू नका. घाण शिरलीच तर ती त्याच दिवशी मुळापासून काढा, मुहूर्त बघत बसू नका. आणि तुमच्या घरात ती काढू शकणारी एखादी पोरगी असेल, तर ती खरं सांगते तेव्हा तिचं ऐका. मला जपलं नाहीत तरी चालेल, मी डबाच आहे. तिला जपा.

माझी विजेची तार आजही कुणी जोडली, तर पहिल्यांदा ती घंटाच वाजेल.